वीस शर्यती, सहा शून्यं: १९८३ चा ब्रिटिश फॉर्म्युला थ्री आणि वगळलेला डेटा



आजची पोस्ट शर्यतींवर आहे. प्रयोगशाळेतली बाई अचानक रेसिंगकडे कुठे वळली असं वाटेल, म्हणून आधी कारण सांगते.

दीड वर्षापूर्वी माझ्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी एक आलेख दाखवला. चोवीस सॅम्पल बनवले होते, आलेखावर सतराच बिंदू होते. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "बाकीचे सात कुठे गेले?" मी म्हटलं, "सर, ते बिघडले होते." त्यांचा पुढचा प्रश्न होता, "बिघडले हे कधी ठरवलं? मोजायच्या आधी की मोजल्यानंतर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे उत्तर होतं, पण ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. मी रीडिंग बघूनच ठरवलं होतं.

त्या रात्री डोकं शांत करायला जुन्या मोटार शर्यतींचे निकाल वाचत बसले. हा माझा शाळेपासूनचा छंद. वाचता वाचता एका गुणतक्त्यापाशी अडकले. शेवटच्या शर्यतीआधी एका ड्रायव्हरचे १२३ गुण होते. त्या शर्यतीत तो तिसरा आला आणि तिसऱ्या क्रमांकाला चार गुण मिळायचे. तरीही सीझन संपल्यावर त्याच्या नावासमोर १२३ च होते. मग ते चार गुण गेले कुठे?

सरांनी मला विचारलेला प्रश्न हाच होता. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय, रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर पाठ करताय, त्यांनी या सीझनची गोष्ट नीट वाचा. 'आउटलायर' आणि 'डेटा एक्सक्लूजन'च्या व्याख्या पाठ होतात, पण त्यांची किंमत नेमकी कोण मोजतं हे पुस्तकात नसतं.

फॉर्म्युला थ्री म्हणजे काय?

फॉर्म्युला वन सगळ्यांना माहीत असतं. तिथे पोचायचं तर खालून वर चढत जावं लागतं. आधी कार्टिंग, मग फॉर्म्युला फोर्डसारख्या छोट्या एकआसनी गाड्या, मग फॉर्म्युला थ्री. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या देशांच्या आपापल्या राष्ट्रीय फॉर्म्युला थ्री स्पर्धा होत्या आणि त्यांत ब्रिटनची सर्वांत मानाची समजली जायची. तिथे जिंकलेल्या पोराकडे फॉर्म्युला वनच्या संघांचं लक्ष जायचंच.

या गाड्यांचा एक नियम आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांना आवडेल असा आहे. इंजिन दोन लिटरचं, रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनावर आधारलेलं, आणि त्यात जाणारी सगळी हवा फक्त २४ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून गेली पाहिजे. या भोकाला रिस्ट्रिक्टर म्हणतात. इंजिन कितीही जोरात फिरवा, त्या भोकाच्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की प्रवाह तिथेच अडतो. 'चोक्ड फ्लो' म्हणतात तो हाच.

आता कागद घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला चोक झालेल्या भोकातून दर चौरस मीटरला सेकंदाला साधारण २४० किलो हवा जाते. २४ मिलिमीटरच्या भोकासाठी हे सेकंदाला सुमारे ११० ग्रॅम होतं. तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं तर पेट्रोल सेकंदाला साडेआठ ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅममधून सुमारे ४४ किलोजूल ऊर्जा मिळते, आणि तिचा तिसरा हिस्सा चाकांच्या कामी आला असं समजू. उत्तर येतं साधारण १२० किलोवॅट, म्हणजे १६५ अश्वशक्तीच्या जवळपास. त्या काळातली फॉर्म्युला थ्रीची इंजिनं खरोखर याच पट्ट्यात होती.

हा हिशेब दाखवायचं कारण असं की ताकदीला वरून झाकण लावलेलं होतं. पैसा ओतून कुणी दुप्पट ताकदीचं इंजिन आणू शकत नव्हतं. दोन गाड्यांमधला फरक तेलाचं तापमान, टायरची घडी, पंखांचा कोन आणि चालवणारा माणूस अशा बारीकसारीक गोष्टींतून यायचा. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर बरेचसे व्हेरिएबल बांधून ठेवलेले होते.

दोन माणसं, एकच गाडी

१९८३ मध्ये विजेतेपदाची खरी लढत दोघांत होती.

एक आयर्टन सेन्ना, ब्राझीलच्या साओ पावलोचा, तेव्हा तेवीस वर्षांचा. (मराठीत 'सेना' लिहिलं की डोळ्यांसमोर वेगळंच काहीतरी येतं, म्हणून मी जोडाक्षर लिहितेय.) जुने निकाल शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. त्याचं आडनाव दा सिल्वा, आणि इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या निकालांत तो त्याच नावाने सापडतो. सिल्वा हे ब्राझीलमध्ये आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकं सर्रास आडनाव असल्याने पुढे त्याने आईच्या माहेरचं सेन्ना हे नाव वापरलं. नुसतं 'सेन्ना' शोधलंत तर त्याची आधीची वर्षं अर्धवट हाती लागतील. नाव बदललं की माणूस कॅटलॉगमधून गायब होतो, ही अडचण तुम्हालाही संदर्भ शोधताना येणारच आहे.

दुसरा मार्टिन ब्रंडल, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या किंग्ज लिनचा. घरचा मोटारविक्रीचा व्यवसाय. त्याच्या गावापासून स्नेटरटनचा ट्रॅक फार लांब नाही.

सेन्नाचा संघ वेस्ट सरे रेसिंग. तो चालवायचे न्यूझीलंडचे डिक बेनेट्स, अत्यंत काटेकोर माणूस. ब्रंडलचा संघ एडी जॉर्डन यांचा. हे आयर्लंडचे, आधी बँकेत कारकून होते. पुढे १९९१ मध्ये त्यांनी स्वतःचा फॉर्म्युला वन संघ उतरवला.

दोघांच्याही गाड्या राल्ट आरटी ३, रॉन टॉरनॅक यांनी बनवलेल्या. दोघांचीही इंजिनं टोयोटाची, इटलीतल्या नोवामोटरने तयार केलेली. गाडी तीच, इंजिन तेच, ट्रॅक तेच. कंट्रोल्ड एक्सपेरिमेंटच्या इतकं जवळ खेळात क्वचितच जाता येतं.

एकूण शर्यती वीस. आठ सिल्व्हरस्टोनला, पाच थ्रक्स्टनला, दोन-दोन डॉनिंग्टन आणि ओल्टन पार्कला, आणि एकेक ब्रँड्स हॅच, कॅडवेल पार्क व स्नेटरटनला. सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन आणि स्नेटरटन हे तिन्ही मुळात दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. युद्ध संपलं, धावपट्ट्या रिकाम्या पडल्या, आणि गाडीवेड्यांना आयतीच जागा मिळाली.

पहिल्या नऊ

६ मार्चला सिल्व्हरस्टोनला सीझन सुरू झाला. सेन्ना जिंकला. पुढच्या आठवड्यात थ्रक्स्टनला जिंकला. मग पुन्हा सिल्व्हरस्टोन, डॉनिंग्टन, थ्रक्स्टन, सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, ब्रँड्स हॅच आणि मेअखेरीस परत सिल्व्हरस्टोन. नऊपैकी नऊ. इंग्रजी वृत्तपत्रांनी सिल्व्हरस्टोनचं नाव त्याच्या आडनावावरून 'सिल्वास्टोन' करून टाकलं.

आता गुणांची पद्धत बघा. पहिल्याला ९, दुसऱ्याला ६, मग ४, ३, २, १. शिवाय शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला १ गुण जादा.

नऊ विजयांचे ८१ गुण झाले. या नऊही शर्यतींत कुणी दुसरा आला असता तर त्याचे ५४ झाले असते. फरक २७ चा. इथून पुढे पहिल्या स्थानावरच्या माणसाने दर वेळी नुसतं दुसरं यायचं ठरवलं, तर मागचा माणूस शर्यतीमागे तीनच गुण भरून काढेल. वेगवान फेरीचे गुण बाजूला ठेवले तर बरोबरी करायला त्याला सलग नऊ शर्यती जिंकाव्या लागतील.

मेअखेरीस असा तक्ता हातात असता तर तुम्ही काय भाकीत केलं असतं? मी तरी सीझन संपल्यात जमा आहे असंच लिहिलं असतं.

पुढच्या नऊ

जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला एक वेगळी शर्यत होती, ती युरोपियन फॉर्म्युला थ्री मालिकेचाही भाग होती. ब्रंडल जिंकला. सेन्ना ट्रॅकबाहेर जाऊन आपटला. शून्य.

लगेच पुढच्या आठवड्यात कॅडवेल पार्क. चढउतारांचा, अरुंद ट्रॅक. सेन्नाने सरावातच गाडी इतकी मोडली की त्याला शर्यतीत उतरताच आलं नाही. शून्य.

३ जुलैला स्नेटरटन, ब्रंडलचं घरचं मैदान. ब्रंडल पुढे, सेन्ना मागे. शर्यत संपत आली असताना सेन्नाने ओलांडायचा प्रयत्न केला आणि बाहेर फेकला गेला. शून्य. शांतपणे मागे बसला असता तर सहा गुण खिशात होते.

जुलैच्या मध्यात ब्रिटिश ग्रां प्रीच्या निमित्ताने सिल्व्हरस्टोनला मोठी गर्दी होती. तिथे तो जिंकला. त्यानंतर तीनच दिवसांनी डॉनिंग्टनला विल्यम्स संघाने त्याला फॉर्म्युला वनची गाडी चालवून बघायला दिली. त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या फॉर्म्युला थ्री शर्यतीत मात्र तो ब्रंडलच्या मागे दुसरा आला.

६ ऑगस्टला ओल्टन पार्क. पुन्हा ब्रंडल पुढे. सेन्ना आतल्या बाजूने घुसला, आणि त्याची गाडी ब्रंडलच्या गाडीवर चढली. दोघेही बाद. शून्य. ऑगस्टअखेरीस सिल्व्हरस्टोनला विजय. ११ सप्टेंबरला परत ओल्टन पार्क, परत ब्रंडलला ओलांडताना अपघात, शून्य. १८ सप्टेंबरला थ्रक्स्टन, शर्यत अर्धवट सुटली, शून्य.

मोजा. पहिल्या नऊ शर्यतींत नऊ विजय. पुढच्या नऊ शर्यतींत दोन विजय, एक दुसरा क्रमांक आणि सहा शून्यं. माणूस तोच, गाडी तीच.

सहापैकी तीन शून्यं ब्रंडलला मागे टाकण्याच्या प्रयत्नातली. दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानणं सेन्नाला जमत नव्हतं. ब्रंडलला हे कळलं होतं. सीझनच्या सुरुवातीला सतत मागे राहूनही तो खचला नाही. त्याने गाडी सुधारली, स्टार्ट सुधारले, आणि पुढे गेल्यावर आरशात दिसणाऱ्या हेल्मेटला घाबरायचं सोडलं. पिछाडीवरून झगडणारा माणूस आपल्याकडच्या गोष्टींमध्ये शेवटी जिंकतो. म्हणून मला हा भाग वाचताना दर वेळी वाटतं की ब्रंडलच जिंकणार.

२ ऑक्टोबरला सिल्व्हरस्टोनला ब्रंडल पहिला, सेन्ना दुसरा. एकोणीस शर्यतींनंतर तक्ता असा: ब्रंडल १२३, सेन्ना १२२.

एका गुणाचा फरक. शिल्लक एक शर्यत.

हरवलेले चार गुण

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ.

या स्पर्धेत सगळ्या वीस शर्यतींचे गुण मोजत नसत. प्रत्येकाचे ठरावीक संख्येइतके सर्वोत्तम निकाल धरायचे आणि उरलेले सोडून द्यायचे, असा नियम होता. महाराष्ट्र बोर्डातून दहावी झालेल्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडचं 'बेस्ट ऑफ फाइव्ह' हेच. सहा विषयांचे पेपर द्या, त्यातले चांगले पाच धरा.

अशा नियमाचा हेतू चांगला असतो. एखाद्याचं इंजिन फुटलं, कुणी मागून येऊन धडकलं, तर त्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडू नये. वाईट दिवस प्रत्येकाला येतो, तेव्हा एकदोन वाईट दिवस माफ.

पण सेन्ना आणि ब्रंडल यांच्यावर याचा परिणाम अगदी वेगळा झाला. सेन्नाचे वीसपैकी सहा निकाल शून्य. त्याच्याकडे गुण मिळवलेले निकालच इतके कमी होते की त्यातला एकही सोडावा लागला नाही. नियमाने त्याची काही शून्यं गिळली, आणि त्यात त्याचं काहीच गेलं नाही. ब्रंडल मात्र जवळपास प्रत्येक शर्यत पूर्ण करत होता, नियमित गुण मिळवत होता. मोजण्याची मर्यादा भरली, आणि त्यापुढचा प्रत्येक साधारण निकाल आधीच्या निकालांपेक्षा सरस असल्याशिवाय त्याच्या खात्यात जमा होईना. शेवटच्या शर्यतीतल्या तिसऱ्या क्रमांकाचे चार गुण असेच गेले. त्याने ते कमावले होते, पण तक्त्यात त्यांना जागा नव्हती.

म्हणजे नियमित असण्याचा तोटा झाला? एका अर्थाने हो.

याच नियमाचं याहून टोकाचं उदाहरण पाच वर्षांनी फॉर्म्युला वनमध्ये घडलं, आणि तिथेही सेन्नाच होता. १९८८ मध्ये सोळापैकी अकरा सर्वोत्तम निकाल धरायचे होते. अ‍ॅलेन प्रोस्टने सात शर्यती जिंकल्या आणि सात वेळा दुसरा आला, एकूण १०५ गुण. सेन्नाने आठ जिंकल्या, त्याचे एकूण गुण ९४. पण अकरा निकाल धरले की सेन्नाचे ९० आणि प्रोस्टचे ८७. विजेता सेन्ना. सगळे आकडे जोडले तर प्रोस्ट अकरा गुणांनी पुढे, नियम लावला तर सेन्ना तीन गुणांनी पुढे. डेटा तोच. १९९१ पासून फॉर्म्युला वनने ही पद्धत बंद केली.

मग प्रोस्ट किंवा ब्रंडल यांच्यावर अन्याय झाला असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही, आणि माझ्यासाठी या पोस्टचा गाभा इथेच आहे. नियम मार्चमध्येच ठरलेला होता. पहिली गाडी सुटायच्या आधी दोघांनाही तो माहीत होता. कुणी ऑक्टोबरमध्ये तक्ता समोर ठेवून "आता यातले कुठले सोडूया बरं?" असा विचार केला नव्हता. नियम कठोर होता, पण निकाल बघून बनवलेला नव्हता.

माझ्या सात सॅम्पलच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं. शर्यती संपल्या, तक्ता बघितला आणि मग नियम लिहिला.

२३ ऑक्टोबर, थ्रक्स्टन

शेवटच्या शर्यतीची तयारी वेस्ट सरे रेसिंगने जिवावर उदार होऊन केली. इंजिन पुन्हा बांधायला इटलीला नोवामोटरकडे पाठवलं.

मग तेलाची युक्ती. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडमध्ये थंडी असते. थंड तेल घट्ट असतं, घट्ट तेलात इंजिनाचे भाग फिरवायला ताकद जास्त लागते. १६५ अश्वशक्तीचं झाकण असलेल्या इंजिनात दोनतीन अश्वशक्ती वाया घालवणं परवडत नाही. म्हणून तेल थंड करणाऱ्या रेडिएटरच्या हवेच्या वाटेवर चिकटपट्टी लावली. तेल लवकर तापेल, पहिल्या काही फेऱ्यांत गाडी इतरांपेक्षा तल्लख राहील. पुढे तेल जास्त तापायला लागलं की ड्रायव्हरने हात बाहेर काढून पट्टी ओढून टाकायची.

सरावात उभ्या गाडीत हे जमलं होतं. शर्यतीत पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या सेन्नाचा हात तिथे पोचेना. तेल तापत चाललेलं. शेवटी त्याने धावत्या गाडीत सीटबेल्ट सैल केले, वाकून पट्टी ओढली, आणि त्या गडबडीत गाडी ट्रॅकवरून जवळजवळ गेलीच होती. तेल निवलं. तो पुढेच राहिला आणि जिंकला. अमेरिकेचा डेव्ही जोन्स दुसरा, ब्रंडल तिसरा.

अंतिम तक्ता: सेन्ना १३२, ब्रंडल १२३.

हा आकडा तुम्हीच पडताळून बघा. वाचलेली कुठलीही बेरीज स्वतः करायची सवय आत्तापासून लावून घ्या. बारा विजयांचे १०८. दोन दुसऱ्या क्रमांकांचे १२. झाले १२०. राहिलेले बारा गुण कुठून आले? वेगवान फेऱ्यांमधून, बारा वेळा. आणि शेवटच्या शर्यतीआधी त्याचे १२२ होते, म्हणजे थ्रक्स्टनला दहा मिळाले. विजयाचे नऊ आणि एक. म्हणजे त्या दिवशीची सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच. हे मी कुठल्या बातमीतून घेतलेलं नाही, तक्त्यातल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढलं. जुन्या नोंदी अशाच बोलत्या करायच्या असतात.

चिकटपट्टीची गोष्ट मात्र कुठल्याही वजाबाकीतून निघत नाही. ती तिथे असलेल्या माणसांनी सांगितली म्हणून आपल्यापर्यंत आली. तक्ता आणि आठवण हे दोन वेगळ्या जातीचे पुरावे. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

नंतर काय झालं

नोव्हेंबरमध्ये सेन्नाने मकाऊची शर्यतही जिंकली. २५ मार्च १९८४ ला रिओमध्ये दोघांनीही एकाच दिवशी फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकलं. सेन्ना टोलमन संघाकडून, ब्रंडल टिरेल संघाकडून. सेन्नाची गाडी बंद पडली. ब्रंडल पहिल्याच शर्यतीत पाचवा आला, आणि काही महिन्यांनी डेट्रॉइटला तर दुसरा.

आता फॉर्म्युला वनच्या १९८४ च्या अधिकृत गुणतक्त्यात ब्रंडल शोधा. सापडणार नाही. संघाच्या गाडीत पाण्याच्या टाकीआडून वजनाची लबाडी केल्याचा ठपका आला आणि टिरेलला संपूर्ण वर्षासाठी बाद केलं गेलं. झालेल्या शर्यतींचे निकालही पुसले. त्याच उन्हाळ्यात डॅलसला अपघातात ब्रंडलचे पाय मोडले. गुण वगळण्याच्या नियमाने त्याचे चार गुण घेतले होते, या निर्णयाने त्याचं सगळं वर्षच नेलं.

पुढे सेन्ना तीनदा जगज्जेता झाला आणि १ मे १९९४ ला इमोलाला शर्यतीतच गेला. ब्रंडलने १९८८ चं स्पोर्ट्‌सकार विश्वविजेतेपद आणि १९९० ची ले मान्स जिंकली. फॉर्म्युला वनमध्ये १५८ शर्यतींत नऊ वेळा पहिल्या तिघांत आला, पण विजय एकही नाही. आज शर्यत दाखवणाऱ्या वाहिनीवर त्याचं समालोचन ऐकणाऱ्या कित्येकांना ठाऊकही नसतं की एका ऑक्टोबरमध्ये हा माणूस सेन्नाच्या एक गुण पुढे उभा होता.

तुमच्या कामाचं

सेमिनारनंतरच्या आठवड्यात मी एक साधी गोष्ट केली. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की पुढच्या बॅचमध्ये सॅम्पल कुठल्या कारणाने बाद धरायचं. फिल्मला तडा गेला तर. संपर्काचा रोध अमुकपेक्षा जास्त आला तर. भट्टीचं तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं तर. खाली तारीख घातली, गाइडची सही घेतली. त्यानंतरच भट्टी लावली. त्या बॅचमधले पाच सॅम्पल बाद झाले, आणि त्यातला एक सगळ्यांत सुंदर रीडिंग देणारा होता. त्याला तडा होता. काढावा लागला. काढताना ब्रंडलचे चार गुण आठवले.

जुने सात सॅम्पलही आता आलेखावर आहेत, पोकळ वर्तुळांनी दाखवलेले, खाली टीप देऊन. आलेख पूर्वीइतका देखणा राहिलेला नाही. पुढच्या बैठकीत सरांनी तो बघितला, पोकळ वर्तुळं मोजली, सात भरली, आणि पुढच्या स्लाइडवर जायला सांगितलं.

तुमचा पहिला प्रयोग सुरू व्हायचाय अजून. म्हणजे तुम्ही आत्ता मार्चमध्ये आहात, तक्ता कोरा आहे. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे लिहून ठेवायची हीच वेळ. ऑक्टोबरमध्ये, एका गुणाचा फरक असताना, ते प्रामाणिकपणे लिहिणं कुणालाच जमत नाही. मला तरी जमलं नव्हतं.

पुढच्या पोस्टमध्ये एरर बार कसे काढायचे ते बघू. तोवर वही आणि तारखेचा शिक्का जवळ ठेवा.